बंदीच्या कायद्यातला परवाना

लातूरहून नांदेडला निघालं की चाकूर, अहमदपूर, माळेगाव, लोहा अशी गावं एकेक करून मागे पडतात. मोठ्या गावात शिरलं की कुठंतरी एक पाटी हमखास दिसते : ‘परमिट रूम व फॅमिली रेस्टॉरंट’. ही पाटी आपण इतक्यांदा वाचलेली असते की यातलं परमिट नेमकं कुणाचं, हा प्रश्नच मनात येत नाही. मालकाला दारू विकण्याचं परमिट मिळालंय म्हणून परमिट रूम, असं बहुतेक लोक धरून चालतात. मालकाकडे असतं ते लायसन. परमिट असायला हवं ते आत बसून पिणाऱ्याच्या खिशात. ज्यांच्याकडे पिण्याचा परवाना आहे त्यांनाच बसता येईल अशी खोली, ती परमिट रूम.

पिण्याचाही परवाना लागतो, कारण महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा कधी उठलेलाच नाही. १९४९ सालचा मुंबई दारूबंदी अधिनियम आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावानं लागू आहे. दारू बनवणं, बाळगणं, वाहून नेणं, विकणं, पिणं या सगळ्याला त्यानं मनाई केली आहे आणि मग त्या मनाईतून परवान्यांच्या रूपानं एकेक सूट काढून दिली आहे. पाच ताऱ्यांच्या हॉटेलातला बार असो की मोंढ्यामागचं देशी दारूचं दुकान, दोन्ही या बंदीतल्या सुटी आहेत. हॉटेल टाकायला निघालेल्या आमच्याकडच्या तरुण पोरांना हे माहीत नसतं. पण ज्यांच्या घराशेजारी ते हॉटेल होणार असतं, त्यांनाही माहीत नसतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. कारण बंदी हा मूळ नियम असल्यामुळंच परवान्याच्या फाईलमध्ये शेजाऱ्याला जागा मिळालेली आहे.

मराठवाड्यात हा कायदा उशिरा आला. नांदेड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं लातूर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथं खातं होतं आबकारी. शिंदी आणि मोहाची दारू विकायचा हक्क लिलावात निघायचा, जो जास्त बोली लावील त्याला त्या मुलखाचा गुत्ता मिळायचा आणि तो घेणारा गुत्तेदार. शब्द तेलुगू-कानडी मुलखातून आलेला, अर्थ साधा : मक्ता. आज आमच्याकडे रस्त्याचं काम घेणाराही गुत्तेदारच असतो, आणि दारूच्या दुकानाला जुनी माणसं अजून ‘गुत्ता’च म्हणतात. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या दुरुस्तीनं मुंबईचा दारूबंदी कायदा इथं लागू झाला. एका पिढीच्या डोळ्यांदेखत सरकारची भूमिका उलटली. निजामाच्या आबकारीत दारू हा खजिन्याचा झरा होता आणि विकणारा त्याचा खंड भरायचा. मुंबई राज्यात दारू हे मुळात बंद करायचं प्रकरण होतं आणि विकणारा त्यात अपवाद म्हणून उभा होता.

प्रत्यक्षात पुढं दोन्ही विचार एकाच कार्यालयात नांदायला लागले. वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले, दुकानं उघडली. खात्याचं नावच राज्य उत्पादन शुल्क, म्हणजे काम कर गोळा करण्याचं. आणि हातातला कायदा दारूबंदीचा. वर्धा, गडचिरोली हे जिल्हे आजही कोरडे आहेत. चंद्रपूर २०१५ ला कोरडं झालं आणि २०२१ ला पुन्हा खुलं झालं. एकाच कायद्याखाली हे सगळं बसतं, कारण सूट द्यायची की नाही हे सरकारच्या हाती आहे.

सूट मागणाऱ्यानं ही गोष्ट आधी मनात पक्की करावी. किराणा दुकान किंवा कापडाचं दुकान काढणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. दारूचा धंदा करणं हा तसा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं खोडे डिस्टिलरीज खटल्यात १९९४ साली स्पष्ट केलं. त्याआधी १९५१ मध्ये बलसारा खटल्यात न्यायालयानं याच मुंबई कायद्यातली औषधी आणि प्रसाधनाच्या मिश्रणांबाबतची काही कलमं रद्द केली होती, पण पिण्यावरची बंदी कायम ठेवली होती. म्हणून ‘मी सगळी कागदं दिली, आता लायसन द्यायलाच पाहिजे’ हे म्हणणं इथं पुरेसं पडत नाही. सरकारला मनमानी करता येणार नाही, एकाला द्यायचं आणि तशाच दुसऱ्याला नाकारायचं असं चालणार नाही, एवढंच संरक्षण अर्जदाराला आहे.

आता अर्ज कशाचा करायचा? वाईन शॉपचं, म्हणजे सीलबंद विदेशी मद्याच्या किरकोळ विक्रीचं लायसन एफएल-२. देशी दारूच्या दुकानाचं सीएल-३. या दोन्ही प्रकारांत १९७३-७४ नंतर नवी लायसन देणं सरकारनं थांबवलं. त्यामुळं आजची दुकानं म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचीच लायसनं, वारसानं, भागीदारीनं, स्थलांतरानं हात बदलत आलेली. मूळ मालक आधी कुणाला भागीदार करून घेतो आणि पुढं स्वतः बाजूला होतो, हा या धंद्यातला रुळलेला मार्ग आहे. सामान्य माणसानं नव्यानं अर्ज करायचा म्हटलं तर उरतं परमिट रूमचं एफएल-३ आणि बिअर शॉपीचं एफएल/बीआर-२. यातलं एफएल-३ आपण नीट पाहू, कारण खाणं, पिणं आणि करमणूक तिन्ही तिथंच एकत्र येतात.

समजा, लातूरच्या औसा रोडला एकाचं चालतं हॉटेल आहे आणि त्याला परमिट रूम करायचीय. आधी हॉटेल हॉटेलच असावं लागतं : स्वयंपाकघर, बसायची जागा, अन्नसुरक्षेचा परवाना, दुकान नोंदणी. मग जागेची कागदं. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, भाड्याची असेल तर करार, बांधकामाचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमनचा दाखला, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. अर्ज राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि मधल्या टप्प्यात निरीक्षक स्थळपाहणीला येतो. फी गावाच्या लोकसंख्येप्रमाणं ठरते, आणि लायसनचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून दरवर्षी नूतनीकरण. कागदांचं हे सगळं एखादा सल्लागार महिन्याभरात जमवून देतो. फाईल अडते किंवा पुढं सरकते ती अंतरावर.

शाळा, कॉलेज, धार्मिक स्थळ, एसटी स्टँड यांच्यापासून हॉटेल किमान ७५ मीटर लांब पाहिजे, असं विदेशी मद्य नियमांत आहे. हे ७५ मीटर नकाशावर पट्टी ठेवून मोजत नाहीत. हॉटेलच्या दाराचा मध्यबिंदू धरायचा. तिथून पायी जाणारा माणूस नेहमी ज्या जवळच्या वाटेनं जाईल त्या वाटेनं टेप टाकत जायचं आणि समोरच्या संस्थेच्या जवळच्या फाटकाच्या मध्यबिंदूवर थांबायचं. आवाराला भिंतच नसेल तर इमारतीच्या दरवाज्यापर्यंत. प्रसंग डोळ्यासमोर आणा. दुपारची वेळ, निरीक्षक, त्यांच्याबरोबर पंच म्हणून शेजारचे दोघं, एकानं टेपचं टोक दाराच्या उंबऱ्यावर बुटानं दाबून धरलेलं, दुसरा टेप घेऊन गटारावरच्या फरशीवरून पलीकडं गेलेला. टेप संपली की खडूनं खूण, पुन्हा तिथून पुढं. बोळातून गेलं तर एकाहत्तर, मुख्य रस्त्यानं गेलं तर ब्याऐंशी. मग चर्चा सुरू होते, लोक नेहमी कुठून जातात? बोळ चालू वाट आहे की कुणाच्या वहिवाटीची? पंचनाम्यात जे लिहिलं जाईल त्यावर पुढची सगळी फाईल उभी राहते. म्हणूनच हॉटेलचं दार पूर्वेकडून उत्तरेकडं फिरवल्याच्या किंवा शाळेचं जुनं फाटक बंद असल्याचं दाखवल्याच्या तक्रारी होतात. शेजाऱ्यांनी जर या सगळ्यात एकच काम करायचं ठरवलं, तर मोजणीच्या दिवशी तिथं हजर राहावं आणि आपली वाट कोणती ते सांगावं.

नियमात शब्दांची व्याख्याही दिलेली आहे, आणि खरी मेख तिथं आहे. धार्मिक संस्था म्हणजे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टची. रस्त्याकडेला उभा राहिलेला, नोंद नसलेला ओटा मोजणीत धरत नाहीत. शैक्षणिक संस्था म्हणजे सरकारची किंवा स्थानिक संस्थेची मान्यता असलेली शाळा, अगदी बालवाडीपासून, आणि विद्यापीठाशी संलग्न कॉलेज. खासगी शिकवणी वर्ग मात्र या व्याख्येतून उघडपणे वगळलेले आहेत.

हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर लातूर नव्हतं. लातूर पॅटर्न हा शब्द राज्यभर पोचला त्याला आता तीन दशकं होऊन गेली. राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजांच्या निकालांनी जे सुरू झालं त्यावर क्लासेसची आख्खी वस्ती उभी राहिली. नीटच्या तयारीला बीड, परभणी, धाराशिवपासून विदर्भापर्यंतची पोरं-पोरी इथं खोल्या घेऊन राहतात. नांदेडातही तेच. सोळा-सतरा वर्षांची ही मुलं दिवसाचे दहा तास ज्या इमारतीत बसतात ती इमारत कायद्याच्या लेखी शैक्षणिक संस्था नाही. तिच्या तळमजल्यावर बार निघाला तरी ७५ मीटरचा नियम आडवा येत नाही. सौम्य मद्याला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षं पूर्ण असावीत असं राज्याचं बंधन आहे. मग ज्या रस्त्यावर हजारो अठराच्या आतली मुलं रोज रात्री नऊला सुटतात, तो रस्ता शाळेच्या रस्त्यापेक्षा वेगळा कसा? मुंबई-पुण्यात शिकवणी हा घरातल्या खोलीतला उद्योग असताना ही व्याख्या चालून गेली असेल. लातूर-नांदेडच्या क्लासच्या रस्त्यांवर तिचं काही खरं नाही. ती बदलली पाहिजे, आणि तशी मागणी करायचा पहिला अधिकार या दोन शहरांच्या लोकप्रतिनिधींचा आहे. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झालं की गृहनिर्माण सोसायटीच्या गाळ्यात दारूचं किंवा बिअरचं दुकान काढायचं तर सोसायटीची नाहरकत लागेल. सोसायटीचा विचार होऊ शकतो, तर होस्टेलचाही व्हायला हरकत नसावी.

अंतराचाच आणखी एक नियम आमच्या भागानं जवळून पाहिला. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं के. बालू खटल्यात आदेश दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. आदल्या दिवशी, ३१ मार्चला, २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर केलं गेलं. आमच्याकडे गावं महामार्गाला चिकटूनच वाढतात. तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत विदर्भात जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग गावाच्या बाजारातूनच पुढं गेलेला, त्यामुळं ५०० मीटर म्हणजे काही ठिकाणी आख्खं गाव. अनेक राज्यांनी शहरातले रस्ते महामार्गाच्या यादीतूनच काढून टाकले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयानं सांगितलं की नगरपालिका, महापालिकांच्या हद्दीत हा आदेश लागू नाही. मूळ आदेशामागं रस्त्यावरच्या अपघातांचा विचार होता, तो मला आजही पटतो. रात्री लोह्याच्या घाटातून समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा ज्याला एकदा अनुभव आला, त्याला तो समजवावा लागत नाही.

खेड्यात ग्रामपंचायतीची नाहरकत लागते. किनवट-माहूरच्या अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचा शब्द त्याहून जड आहे : १९९६ च्या पेसा कायद्यानं मादक पदार्थांची विक्री रोखण्याचा किंवा तिच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार तिथल्या ग्रामसभेला दिला, आणि महाराष्ट्रानं त्याचे नियम २०१४ मध्ये केले. पण एकदा चालू झालेलं दुकान बंद करायचं हत्यार सगळ्या गावांना आहे. २५ मार्च २००८ च्या आदेशानं गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तेवढ्यांनी, लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोनच चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवीवर म्हणजे बंद करा. वाचता न येणाऱ्या बाईलाही कुणाला न विचारता मत देता यावं म्हणून ही चित्रं, आणि आपल्या प्रशासनानं काढलेल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी ही एक आहे असं मी मानतो.

अट मात्र कठीण. आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. आलेल्या मतांच्या निम्मी पुरत नाहीत. म्हणजे गावात ८०० बायकांची नावं असतील तर ४०१ जणींनी येऊन आडवीवर शिक्का मारावा लागतो. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीनंतर कित्येक घरं ऊसतोडीला जातात. यादीतलं त्यांचं नाव गावातच राहतं आणि मतदानाच्या दिवशी न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूची मोजली जाते. लग्न होऊन गेलेल्या लेकींची आणि मयतांची नावं यादीत असतील तर तीही. म्हणून ज्या गावाला हे मतदान घ्यायचंय तिथल्या बायकांनी सह्यांआधी मतदार यादी साफ करून घ्यावी आणि टोळ्या परत आल्यावर, उन्हाळ्यात तारीख मागावी.

आता करमणुकीकडे वळू. इथं हॉटेलवाल्यांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो : परमिट रूमचं लायसन आहे, आता शनिवारी ऑर्केस्ट्रा ठेवायला काय लागतं? सगळं नव्यानं लागतं. दारूचं लायसन दारूबंदी कायद्याखालचं. गाणं, नाच, वाद्यवृंद, जत्रेतला फड हे सारं महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ खालचं. जागेचा परवाना वेगळा आणि प्रयोगाचा वेगळा. मुंबई, पुणे, नागपूर अशा ठिकाणी हा परवाना पोलीस आयुक्त देतात. लातूर-नांदेडला पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून इथं तो जिल्हा दंडाधिकारी देतात. जिल्हा दंडाधिकारी आणि जिल्हाधिकारी म्हणजे एकच व्यक्ती, पण फायली दोन, कायदे दोन, अटी दोन. एकीतली मंजुरी दुसरीत चालत नाही.

बारमधल्या नाचाचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्ट २००५ मध्ये राज्यानं डान्स बार बंद केले, उच्च न्यायालयानं २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये ती बंदी रद्द ठरवली, राज्यानं पुन्हा कायदा केला, आणि २०१६ मध्ये आणखी एक. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्यातल्या काही अटी काढून टाकल्या : धार्मिक व शैक्षणिक स्थळापासून एक किलोमीटरचं अंतर, आत कॅमेरे, नाचाच्या जागी दारू नको. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकराची वेळ आणि पैसे उधळण्याची मनाई ठेवली. १८ फेब्रुवारी २०२२ चा निकाल मला अधिक मोलाचा वाटतो. ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात अट असायची की मंचावर चारच बाया आणि चारच पुरुष. न्यायालयानं सांगितलं, एकूण आठ कलावंतांची मर्यादा ठेवा, पण त्यात बायका किती नि पुरुष किती हे सरकारनं ठरवायचं नाही. गाणारी बाई ही कामगार आहे आणि बाई म्हणून तिची जागा कमी करता येणार नाही, हे तमाशाच्या मुलखाला फार आधी कळायला हवं होतं.

तो मुलूख बघायचा असेल तर मार्गशीर्षाच्या शेवटी माळेगावला या. नांदेड-लातूर रस्त्यावरच, लोहा तालुक्यात, खंडोबाची यात्रा. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार, वाघ्या-मुरळी, कुस्त्या, जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव आणि तमाशाचे फड. चार दिवसांसाठी माळरानावर शहर उभं राहतं आणि चार दिवसांसाठीच त्याला सगळ्या परवानग्या लागतात. वगाची संहिता १९५४ मध्ये स्थापन झालेल्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून आधी मंजूर व्हावी लागते. फडाची राहुटी हे तात्पुरतं करमणुकीचं स्थळ, म्हणून जागा ठरलेली, वीजजोडणी तपासलेली, बाहेर पडायचे रस्ते मोकळे, पाण्याचा टँकर आणि अग्निशमनची गाडी जवळ. फडमालक हे कागद एका पत्र्याच्या पेटीत घेऊन गावोगाव फिरतो. प्रत्येक जिल्ह्यात काही नवं जोडावं लागतं.

सगळ्यात अडचण होते आवाजाची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ बारापर्यंत वाढवता येते आणि त्या पंधरांत गणपती, नवरात्र, ३१ डिसेंबर असं सगळं बसवायचं असतं. तमाशाचा गण-गवळण संपून वगाला रंग चढतो तोच दहा वाजतात. रात्रभर चालणाऱ्या कलेला दहाच्या आत बसवलं तर तिचा निम्मा जीव जातो, हे फडातली माणसं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. शहरातल्या हॉटेलवाल्याला मात्र वाट आहे : बंदिस्त सभागृहात, आवाज बाहेर न जाऊ देता, कार्यक्रम पुढं चालू ठेवता येतो. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. बाजारपेठेत ६५ आणि ५५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचे १०० मीटर, सरकारनं तसं जाहीर केलं असेल तर, शांतता क्षेत्र.

वाजवायचं काय, यालाही परवानगी असते. रेकॉर्ड केलेली गाणी हॉटेलात किंवा थर्टी फर्स्टच्या पार्टीत वाजवली तर स्वामित्वहक्काच्या कायद्याखाली त्या गाण्यांच्या मालकांचं लायसन लागतं. पीपीएल, आयपीआरएस अशा संस्था ते देतात. लग्नात आणि वरातीत वाजवलेल्या गाण्यांना १९५७ च्या कायद्यानंच सूट दिली आहे. त्यामुळं वरातीच्या डीजेकडे कुणी पैसे मागायला आलं तर कलम ५२ दाखवावं, आणि हॉटेलच्या पार्टीला मात्र ती सूट सांगू नये.

अग्निशमनच्या दाखल्याबद्दल थोडं कडक बोलतो. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागून १४ माणसं गेली. तिथं दारूही होती, गाणंही होतं, वाढदिवसाची पार्टीही होती. गच्चीवर ताडपत्री आणि बांबूचं छत घालून ‘रूफटॉप’ काढायची हौस आता लातूर-नांदेडातही आली आहे. मंजूर नकाशात नसलेली गच्ची वापरायची असेल तर लायसनच्या अर्जात ती दाखवावीच लागेल, आणि दाखवली की दुसरा जिना मागितला जाईल. तो जिना बांधायला पैसे लागतात म्हणून गच्ची अर्जात दाखवायचीच नाही, असं कुणी करू नये.

कर आणि फी वाढत चालली आहे हेही खरं. परमिट रूममधल्या मद्यावरचा मूल्यवर्धित कर ५ वरून १० टक्क्यांवर गेला, लायसन फी १५ टक्क्यांनी वाढली, उत्पादन शुल्क वाढलं, आणि १४ जुलै २०२५ ला राज्यभरातल्या बारमालकांनी एक दिवस बंद पाळला. नियमानं चालणाऱ्याला महाग पडतं तेव्हा गिऱ्हाईक नियमाबाहेर जातं, ही त्यांची तक्रार बिनबुडाची नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभराहून जास्त जीव घेतले, ती दारू कुठल्याही लायसनच्या दुकानातली नव्हती.

नियमाबाहेरचं गिऱ्हाईक आमच्या भागात कुठं जातं, तर ढाब्यावर. बाटली बाहेरून आणायची, ढाबेवाल्यानं ग्लास, पाणी, शेंगदाणे द्यायचे, वर काही घ्यायचं नाही. मग हरकत काय, असं दोघांनाही वाटतं. उत्पादन शुल्कची गाडी येते तेव्हा ढाबेवाल्यावर कलम ६८ लागतं, म्हणजे विनापरवाना पिण्याचा अड्डा चालवला. बाजेवर बसलेल्यांवर कलम ८४, त्या अड्ड्यावर पिताना सापडले म्हणून. दोघांनाही कोर्टात जावं लागतं. घरच्या समारंभात मद्य ठेवायचं असेल तर त्यासाठी एक दिवसाचं लायसन मिळतं, अर्ज ऑनलाईन होतो. ढाब्याला असं रोज काढता येत नाही.

आणि खिशात परमिट असेल तर? तो परवाना एकेकाळी प्रकृतीच्या कारणानं, डॉक्टरच्या दाखल्यावर मिळायचा; आजही विदेशी मद्याच्या परमिटवर आरोग्य राखण्यासाठी असंच कारण छापलेलं असतं. एक दिवसाचं परमिट देशीला २ रुपये, विदेशीला ५ रुपये, आजीवन १,००० रुपये असे दर वर्षानुवर्षं चालत आले. बाजेवरच्या माणसाकडे आजीवन परमिट असू शकतं, बाटली लायसनच्या दुकानातून बिलासकट आणलेली असू शकते, आणि तरीही कलम ८४ लागतंच. पिणारा, बाटली आणि बसायची जागा या तिन्हींना कायद्यानं वेगवेगळी सूट ठेवली आहे, आणि ढाब्याच्या बाजेला ती मिळालेली नसते.